अकरा दिवसांचा धीर

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात चार जण बोलले आणि चौघांनीही एकाच गोष्टीचं कौतुक केलं — मॅडमचा धीर. कच्च्यातली कच्ची मुलगी आणून द्या, मॅडम तिच्यामागे वर्षं घालवतील, पण कंटाळणार नाहीत. मी मान खाली घालून ऐकत होते. लोकांना तो विनय वाटला. विनय कसला! लाज होती ती. कशाची, हे मी अजून एकाही माणसाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नागपूरच्या बहिणीला नाही, ज्यांच्यासोबत इतकी वर्षं डबा खाल्ला त्या स्टाफरूममधल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी रायपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात क्रीडा अधिकारी होते. आमचं घराणं वर्ध्याकडचं. वडील सरकारी नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, अशीच मी वाढले. बास्केटबॉल खेळायचे. खेळाडू म्हणून बेताचीच होते, पण हाव बेताची नव्हती.

राज्य नवं झालं तेव्हाची गोष्ट आहे. शहर राजधानी झालं, रोज एक नवी पाटी लागायची, एक नवं ऑफिस उघडायचं. आधी राज्याच्या संघात जायचं म्हणजे भोपाळ-जबलपूरकडे तोंड करून बसावं लागायचं. आमच्या मुलींची नावं तिथपर्यंत पोचेपर्यंत संघ निघूनही गेलेला असायचा. आता आपला संघ, आपली निवड. आणि संघ आपला म्हणजे त्याचा प्रशिक्षकही आपल्यातलाच कुणीतरी होणार, नाही का? मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. ते कुणीतरी मीच असावं, असं मला फार वाटायचं. इतकं, की सकाळी मैदानावर जाताना मी राज्याच्या जर्सीचा रंगसुद्धा मनात ठरवायचे.

त्याच वर्षी वैशाली आली.

तिचे वडील रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर. भंडाऱ्याकडचं बौद्ध कुटुंब, रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारं. ते स्वतः तिला घेऊन मैदानावर आले. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाले, "मॅडम, पोट्टी उंच झाली म्हणून मोहल्लाभरचे लोक हासून राह्यले तिले. वाकून चालते आता. तुमच्याजवळ काही शिकली त मान वर करून चालन."

ती खरंच उंच होती. अठराव्या वर्षी माझ्यापेक्षा वीतभर जास्त. आणि खांदे असे पाडलेले, जणू ती उंची कुणाची तरी मागून आणली आहे आणि परत द्यायची आहे. चेंडू तिनं आयुष्यात हातात धरलेला नव्हता. चेंडू जमिनीवर आपटत पुढे न्यायचा, त्याला आम्ही ड्रिबल म्हणतो — तो तिच्याच पायावर आपटून पळून जायचा, आणि ती त्याच्यामागे पळताना "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत राहायची. बाकीच्या पोरी हसायच्या. मी त्यांना दटावायचे. तेव्हापासूनच माझ्या धीराची कीर्ती सुरू झाली असावी.

आता मी जरा घुटमळते आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. पुढचं सांगायला जीभ उचलत नाही.

तिला मी काय शिकवलं? रिंगच्या खाली उभं राहायला. हात वर करून. बस. आमच्या बाकीच्या मुली चेंडू तिच्या हातात उंचावरून टाकायच्या, तिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचायचाच नाही. ती चेंडू धरायची आणि रिंगमध्ये सोडायची. आंतरकॉलेज स्पर्धेत समोरच्या पोरी उड्या मारून दमायच्या. आम्ही पहिल्याच वर्षी जिंकलो. दुसऱ्या वर्षी जिंकलो. तिसऱ्याही. प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात ढाली ठेवायला जागा उरली नाही.

आणि मी तिला एक सक्त नियम घालून दिला होता. चेंडू हातात आला की तो जमिनीवर आपटायचा नाही. टाक, नाही तर दुसरीला दे. आपटलास तर बाहेर बसवीन. एकदा तिच्या आईकडून कळलं की ती क्वार्टरच्या अंगणात रबरी चेंडू घेऊन रोज पहाटे आपटत बसते, शेजारी तक्रार करतात. तर मी तिला तेही बंद करायला सांगितलं. म्हटलं, हात बिघडतो. खोटं होतं ते. तसा काही हात बिघडत नाही. तिला वाटेल तेव्हा ड्रिबल करायची हौस येईल आणि सामन्यात घोळ होईल, एवढीच माझी भीती होती.

ती विचारायची. दर दोन-तीन महिन्यांनी, प्रॅक्टिस संपल्यावर, सगळ्या गेल्यावर. सगळ्यांसमोर ती हिंदी बोलायची, पण हे मात्र मराठीत विचारायची — "मॅडम, मले चेंडू घेऊन पळाले कधी शिकवसान?" आणि मी म्हणायचे, "घाई कशाला? सबर कर. तुला वेळ लागतो." ती "हव मॅडम" म्हणून जाळीची पिशवी खांद्याला लावायची आणि चेंडू मोजून आत ठेवून यायची.

तुला वेळ लागतो! किती सहज म्हणायचे मी. वेळ कुणाला लागत होता? मी तिला शिकवत होते कुठे?

हे खोटं आहे. शिकवलं होतं — सुरुवातीला. अगदी पहिल्या महिन्यात. मी पुष्कळदा मोजून पाहिलं आहे, अकरा दिवस होतात. अकरा दिवस मी तिला मैदानाच्या एका कडेनं ड्रिबल करायला लावलं. आणि अकराव्या दिवशी — हे मला इतकं स्पष्ट आठवतं की आठवू नये असं वाटतं — ती अर्ध्या मैदानापर्यंत गेली. चेंडू सुटला नाही. मान वर होती. अर्ध्या रेषेवर थांबून तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसली, तोंडावर हात न ठेवता. दुसऱ्या दिवशी आमचा सामना होता. मी तिला बोलावून म्हटलं, हे आता राहू दे, तू रिंगखाली उभी राहा. ते "आता" तीन वर्षं संपलं नाही. दर वर्षी वाटायचं, ही ढाल घेऊ, मग पुढच्या वर्षी निवांत शिकवू.

म्हणजे तिला येत होतं. तुम्ही हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी काय बोलले ते त्याशिवाय कळायचं नाही.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, राज्याच्या महिला संघाची निवड चाचणी होती. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष, म्हणून तिला ही एकच संधी होती, आणि राज्याकडून खेळली तर रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागण्याची आशा होती. तिच्या वडिलांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती. ते कुंपणाच्या बाहेर, उन्हात, डोक्याला पंचा बांधून उभे होते. सावलीत या म्हटलं तर आले नाहीत. निवड करणारे तीन जण होते. त्यांतले वयस्कर होते ते फार मोठे जाणकार, आणि संघाला प्रशिक्षक कोण द्यायचा हेही त्यांच्याच शब्दावर होतं. हे मला माहीत होतं. आठवडाभर मी दुसरा विचारच केला नव्हता.

वैशालीची उंची पाहून ते उठून उभेच राहिले. जवळ गेले, तिच्या हातात चेंडू दिला आणि म्हणाले, "बेटा, इसको लेकर उस सिरे तक जाओ."

तिनं चेंडूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

ती परवानगी मागत होती. आपटू का, मॅडम? — डोळ्यांनी. तीन वर्षं जे करायला मी मना केलं होतं, ते करू का? मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ती गेली असती. अडखळली असती, चेंडू एकदा-दोनदा सुटला असता, पण गेली असती. मी मान हलवली नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की आता सगळ्यांसमोर ही घोळ घालणार आणि माझं हसं होणार. ती चेंडू छातीशी धरून तशीच उभी राहिली. कुणीतरी मागे खुदकन हसलं.

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते, चकित झाले होते. "मैडम, तीन साल से आपके पास है? इसको सिखाया क्या है?"

आणि मी म्हटलं — शब्द न् शब्द सांगते — "सर, तीन साल से लगी हूँ इसके पीछे. क्या करूँ, इसके दिमाग में घुसता ही नहीं."

ती चार पावलांवर होती. तिनं ऐकलं. चेहऱ्यावर राग आला असता तर मी आज कदाचित बरी झोपले असते. राग नाही आला. तिनं फक्त खांदे पाडले, जसे पहिल्या दिवशी होते तसे, आणि चेंडू खाली न आपटता, वाकून, हळूच जमिनीवर ठेवला.

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बड़ा धीरज है आपमें." पंधरा दिवसांनी संघाच्या प्रशिक्षकपदाचं पत्र आलं. माझ्या नावाचं.

एक प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. माझ्या नणंदेची मुलगी त्या जागी असती, तर "डोक्यात शिरत नाही" हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं असतं का? की वैशालीच्या घराबद्दल, त्या वस्तीबद्दल माझ्या मनात आधीच काही ठरलेलं होतं, म्हणून ते जिभेवर तयार होतं? याचं उत्तर मला माहीत आहे. ते उत्तर आहे म्हणूनच हे सगळं इतकी वर्षं दडवून ठेवलं.

चाचणीनंतर तिच्या वडिलांना कारखान्यात शिफ्टला जायचं होतं, म्हणून मीच तिला स्कूटरवर घरी सोडलं. सदर बाजारात गर्दीत अडकलो. पुढे हातगाडी, मागे हॉर्न. ती मागून माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, तुमी तीन साल मायासाठी घालवले. माह्यं डोकंच नाही चालत, त तुमी तरी काय करसान?"

ती माझी माफी मागत होती. ऐकता ना? ती — माझी. आणि मी काय केलं? डावा हात मागे नेऊन तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हटलं, "असू दे गं."

ती पुन्हा मैदानावर आली नाही.

मागच्या वर्षी माझा गुडघा दुखायला लागला म्हणून समता कॉलोनीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात गेले. काउंटरवर ती होती. केस थोडे पांढरे झालेले, नाकावर चष्मा. खुर्चीतून उठली तेव्हा ओळखली मी, तेवढी उंच बाई रायपुरात दुसरी नाही. वाकून नमस्कार केला तिनं. चहा मागवला. शाळेला सुट्टी होती म्हणून तिची मुलगी तिथेच बाकावर गृहपाठ करत बसली होती. अकरा-बारा वर्षांची, पाय बाकाखाली मावत नव्हते. वैशालीनं तिला सांगितलं, "ये वही मैडम हैं बेटा, जिनके बारे में बताती हूँ."

म्हणजे घरात माझं नाव निघतं. कौतुकानं निघतं.

मी विचारलं, मुलगी खेळते का? मुलीनं वर पाहिलं आणि पटकन म्हणाली की शाळेच्या सरांनी बास्केटबॉलच्या यादीसाठी कागद दिला आहे, त्यावर मम्मीची सही लागते, उद्या शेवटचा दिवस आहे, पण मम्मी नाही म्हणते. मी म्हटलं, "पाठव ना गं तिला. काय हरकत आहे?"

वैशाली हसली. अगदी मोकळं हसली, मनात कुठेही अढी नसलेलं. म्हणाली, "नको मॅडम. आमच्या डोक्यात नाही शिरत हे, माहीत आहे ना तुमाले? मायावर ही गेली आहे. कशाले त्या सरांना तरास? तुमच्याएवढा धीर कोणात राह्यते?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी मोठी माणूस होते, मॅडम होते, माझ्या एका शब्दानं काम झालं असतं. तुझ्या आईला येत होतं, अकरा दिवसांत आलं होतं, मी शिकवलं नाही — एवढंच म्हणायचं होतं. तीन वाक्यं. मी कपातला उरलेला चहा प्यायले. मग आतून माझा नंबर आला, वैशालीनंच माझं नाव पुकारलं, दार उघडून धरलं, आणि मी आत गेले.

बाहेर आले तेव्हा मुलीनं यादीचा कागद घडी घालून दप्तरात ठेवला होता, आणि ती गणितं सोडवत होती.