शुक्रवारी पुसायच्या बंदुका

आमचा जहूर, म्हणजे माझा नवरा, बोलण्यात महाकंजूष. चुलतघरातला, लहानपणी रत्नागिरीला एकाच अंगणात खेळलेलो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. सासूबाईंच्या कपाळाला अजून आठी पडते. पण दर शुक्रवारी जुम्म्यानंतर तो बू नासिरच्या घरी बंदुका पुसायला जायचा, आणि इथे आखातात, नजम्यातल्या आमच्या खोलीत परतला की झोपेत चालल्यासारखा असायचा. कपड्यांना तेलाचा वास. मग हळूहळू बोलायला लागायचा.

बू नासिर म्हणजे जहूर स्टोअरकीपर आहे त्या दुकानाचे मालक. आमचा व्हिसा त्यांच्या हातात. सगळे त्यांना बाबा म्हणतात. त्यांच्या मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याच्या, भिंती शिकारीच्या बंदुकांनी भरलेल्या होत्या, सगळ्या परवान्याच्या. जहूर एकेक खाली काढायचा, आधी उघडून रिकामी आहे ना बघायचा, मग पुसायचा. बाबा डोळे मिटून सांगत बसायचे. ही वडिलांची, ही लग्नातली, हिला घेऊन अख्खा हिवाळा वाळवंटात काढला. पडद्यातून पिवळं ऊन यायचं, एसी गुणगुणायचा, आणि जहूरला वाटायचं, आपणही त्या वाळूत चाललोय, पुढे ससाणा उडतोय. कडू कॉफी तेवढी त्याला जायची नाही. एक कप झाला की तो फिंजान हलवायचा. इथे कप हलवला की 'आता पुरे' असं समजतात.

मग बाबांची बायको वारली. बाबा मजलिसमध्येच झोपायला लागले. बंदुकांच्या गोष्टी अर्ध्यावर सुटायच्या. एकदा म्हणाले, "जहूर, ती मला वाळूत उभी दिसते. हाका मारते." जहूरने हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मुलगा नासिर डॉक्टरांकडे चला म्हणाला, की बाबांचं एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?"

एका शुक्रवारी जहूरने लग्नातली बंदूक उघडली तर आत काडतूस. काडतुसं कायम कुलपात असायची. त्याने बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटूनच होते. त्याने हळूच ते काढून घेतलं आणि घरी आला.

जेवेना. मी डोक्यावर बसले तेव्हा बोलला. "नासिरला सांगितलं तर बाबा मला दारात उभं करणार नाहीत, साजिदा. नोकरी खलास, व्हिसा खलास."

"खड्ड्यात गेला व्हिसा," मी म्हटलं. "उद्या त्या माणसाला काही झालं तर तुझ्या घशाखाली घास उतरेल? यल्ला, लाव फोन."

बोलले खरी. पण आमच्या लेकीची, फरहाची शाळा, ही खोली, सगळं डोळ्यांपुढून गेलं. जहूरने फोन लावला.

नासिरने पोलिसांना कळवलं. ते आले, बंदुका रजयांत गुंडाळून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बाबा मुलाबरोबर मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. जहूरला मात्र बोलावणं येईना. शुक्रवार आला की तो खिडकीशी बसून राही, आणि मी मनातल्या मनात बॅगा भरत असे.

शेवटी बाबांचाच फोन आला. "ये."

मजलिसच्या भिंतींचा रंग उन्हाने उडालेला, फक्त बंदुका होत्या तिथे तो ताजा राहिलेला. त्यामुळे प्रत्येक बंदूक अजून जागेवर असल्यासारखी दिसत होती. बाबा वाळलेले, पण दाढी नीट केलेली. त्यांनी कॉफीची किटली, दल्ला, स्वतः उचलला आणि जहूरला कॉफी ओतली. एरवी हे काम नोकराचं.

"बाबा, नासिरला मीच सांगितलं," जहूर खाली बघत म्हणाला. "माफ करा."

"बंदूक हातात घेतलीस की तू आधी काय करतोस?"

"उघडून बघतो."

"या घरात तेवढं करणारा तू एकटा," बाबा म्हणाले. "पोटच्या पोराला तोंडाने सांगवत नव्हतं. म्हणून काडतूस तिथे ठेवलं, तुला सापडेल असं."

घरी येऊन जहूरने हे सांगितलं आणि मी रडले, खोटं कशाला बोलू? तिथे कप रिकामा झाला, पण त्याने तो हलवला नाही म्हणे. बाबा ओतत राहिले आणि हा पीत राहिला, संध्याकाळी मगरिबची बांग होईपर्यंत.