लोरेनची अपुरी गोष्ट

पॅरामॅटाहून घरी येताना ट्रेनमध्ये फोन वाजला. लोरेनचा मुलगा होता. "सॉरी टु डिस्टर्ब यू... मम इज गॉन." मी म्हणाले, "नो वरीज." सवयीनं निघून गेलं तोंडातून! दीड महिना झाला, अजून आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मग आमचं स्कोफिल्ड्स स्टेशन येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी खळलं नाही.

लोरेन आमची शेजारीण. मूळची अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहानशा गावातली, कृष्णवर्णीय. लग्न करून सिडनीला आली, शाळेत शिकवू लागली आणि मुलांसाठी पुस्तकं लिहू लागली. पहिल्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रकाशकानं तिची नायिका चक्क गोरी छापली. ही बया तपकिरी खडू घेऊन लायब्रऱ्या पालथ्या घालत सुटली, दिसेल त्या प्रतीतली पोर रंगवून मोकळी! नवी गोष्ट ती आधी गल्लीतल्या मुलांना वाचून दाखवायची. मुलांनी चुळबुळ केली की तेवढा भाग गाळून टाकायची. आमची लेक सई तिची सगळ्यात कडक परीक्षक. "बोरिंग, लोरेनआजी," असं तोंडावर सांगायची आणि इकडे मी लाजेनं अर्धी व्हायचे.

आजार बळावल्यावर लोरेननं आयुष्यभर टाळलेली गोष्ट लिहायला घेतली. स्वतःची. लहानपणी ती एकदा गावच्या लायब्ररीत शिरली होती. पुस्तक उघडून खुर्चीत बसली, तोच तिथल्या बाईनं "ऊठ, ही जागा तुम्हा काळ्यांसाठी नाही," म्हणून तिला बाहेर काढलं. ही गोष्ट ऐकताना सईनं जरासुद्धा चुळबुळ केली नाही.

"देन व्हॉट?" तिनं विचारलं.

"मग काय, मी घरी गेले."

"दॅट्स नॉट अॅन एंडिंग!"

लोरेन म्हणाली, "नाहीच, हनी. शोधतेय मी."

शेवट सापडायच्या आधीच ती गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी पुरवणाऱ्या बाईची नेमकी हीच गोष्ट अपुरी राहावी, याचा मला राग येतो. रडूही येतं.

परवा सईला आणायला लायब्ररीत गेले. बंद व्हायची वेळ झाली होती. सई खिडकीशी खुर्चीत पाय दुमडून वाचत बसली होती, जगाचं भान नव्हतं. एरवी मी दारातूनच ओरडले असते. 'ऊठ' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. मी शेजारची खुर्ची ओढली आणि तिचं पान संपेपर्यंत बसून राहिले.