बॉलवरची छापील सही

आमच्या बेसबॉल टीमचे किस्से सांगायला बसलो की बायको अर्ध्या जर्मनमध्ये म्हणते, "आल्झो, म्हणजे चला, झालं सुरू!" मी काय करू? एकेका मॅचला दोन-दोन किस्से घडायचे. साठणारच ना!

दोन हजार पाचच्या सुमारास मी जर्मनीत, रेगेन्सबर्गला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. रविवारी घरात बसवेना, म्हणून एकदा मैदानावर गेलो. कडेला आलेला बॉल क्रिकेटच्या सवयीने, ग्लोव्हशिवाय नुसत्या हाताने झेलला. ट्रेनरने आधी माझा तळहात तपासला, मग क्लबचा फॉर्म पुढे केला.

*

आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, टोनी. मॅचनंतर पोरं बॉलवर सही मागायची, तर हा एकेक सुटं छापील अक्षर काढत बसायचा. मी छेडलं, ही सही आहे की दारावरची पाटी?

"पहिलीत छापील अक्षरंच शिकवतात," तो म्हणाला. "पोरांना वाचता यायला नको?"

*

माझी सही बँकेतल्या मामाने घोटवून घेतलेली, कुणाला नक्कल जमू नये अशी. एका पोराने ती उलटसुलट करून पाहिली आणि टोनीला जाऊन विचारलं, हे पुसून मिळेल का? त्या दिवसापासून मीही गुपचूप छापीलवर आलो.

*

खरी तगमग घरी होती. माझी लेक इरा तेव्हा पहिलीत. तिच्या वह्यांवर आपल्या पद्धतीने मी लिहिलेलं, इरा सुधीर केळकर. वर्गात पोरं हसली, मुलीच्या नावात बाप्याचं नाव कशाला? इराने सगळ्या वह्यांवरचा सुधीर खोडून टाकला.

बायको म्हणाली, "अरे, लहान आहे ती. सोड ना." सुटतंय कसलं! ऑफिसात ड्रॉइंग उघडलं तरी तीच काळी रेघ दिसायची. फार लागलं मला ते. चार वेळा समजावलं, चारही वेळा जर्मनमधून "नाइन", म्हणजे नाही, एवढंच ऐकलं.

*

पुढच्या रविवारी आम्ही मॅच हरलो. टोनीसमोरच्या रांगेत इराही होती, वर्गातल्या दोन पोरांबरोबर. पण तिचा नंबर आला तशी ती रांग सोडून माझ्याकडे आली आणि बॉल पुढे केला.

मी जपून एकेक अक्षर काढलं. सुधीर केळकर. तिने बोट फिरवत सगळं वाचलं. ती दोन पोरं मागून डोकावत होती.

"पेन दे," ती म्हणाली. चक्क मराठीत.

मी पेन दिलं. आता इथलंही खोडणार.

तिने माझ्या नावाच्या आधी, उरलेल्या एवढ्याशा जागेत, वाकड्या छापील अक्षरांत लिहिलं, इरा. आणि बॉल त्या दोघांच्या हातात दिला.