तुटक्या बीटची वरात

आमच्या डीजेच्या गाडीत वायरी जेवढ्या गुतत नाय, तेवढे किस्से गुतलेत. एक ओढला की चार बाहेर येतात. हे सगळे तुटक्या बीटचे. इंग्रजीत ब्रेकबीट म्हणतात.

म्हंजी काय? आपल्या वरातीच्या गाण्यात किक, म्हंजी ढोलाचा जड ठोका, सरळ चालती. धम, धम, धम, धम. ह्याच्यात एक धम, मग गॅप, मधीच टाळी, मग दोन धम पळत येतात. पाय कुठं टाकावा कळंना, पण थांबवत बी नाय!

* * *

माझा जोडीदार सलीम वाळूजला कंपनीत शिफ्ट करतो. पहिल्यांदा त्यानंच ऐकवलं. म्या स्पीकरला लाथ घातली. "फाटला की रं हा!"

सलीम म्हणला, "दादा, स्पीकर ठीक है. तुमचा कान फाटलाय!"

* * *

कन्नडला हळदीत म्या दोन तुटकी गाणी एकमेकांवर चढवली. पत्र्यावर दगडं पडल्यावानी आवाज! नाचणारे जागीच थिजले. नवरीचा मामा पळत गेला अन् जनरेटरच बंद केला!

म्या अंगावर धावलो. मामा म्हणला, "जळलं असतं की सगळं! उपकार मान!"

* * *

मग सलीमनं शिकवलं. "किकच्या मागं पळू नका, ती दडी मारती. टाळी पकडा, ती जागा सोडत नाय. दुसरं गाणं पहिल्या ठोक्यावर सोडा. अन् दोघांचा बेस एकदम नको. एकाचा उतरवा, मग दुसऱ्याचा चढवा."

घरी बसलो, तर टाळीच सापडंना. डोकं फिरलं. चुलीपाशी बायको भाकरी थापत होती. थप, थप, थप. तिच्या थापेवर टाळी बसवली, अन् दोन्ही गाणी एकात एक गेली!

"थांबू नको!" म्या वरडलो.

"भाकरीचा पापड झालाय," ती म्हणली. "आता हाच खा!"

* * *

अन् हा बिडकीनचा. सख्ख्या भाच्याचं लग्न. दाजींनी आधीच दम दिला, "तुझ्या तुटक्या गाण्यानं कन्नडवानी नाच थांबला, तर तिथंच दुसरा डीजे लावीन. मेहुणा-बिहुणा बघणार नाय!"

भर दुपारची वरात. सगळी भावकी बघतीया. टाळीवर टाळी बसवली. बेस उतरवला. पहिल्या ठोक्यावर दुसरं सोडलं...

अख्खी वरात उडाली! दाजींचा फेटा सुटून गळ्यात आला तरी नाचतायत. नवरदेवानं घोड्यावरनं उडी मारली. मंडप समोर, अन् आत कुणी जाईना!

मुहूर्त टळाया लागला. भटजी घामाघूम होऊन, गर्दी रेटत माझ्यापाशी आले. "बंद कर ते आधी!"

म्या बटणाकडं हात नेला. भटजींनी खसकन मनगट धरलं.

"असं मधीच तोडतो व्हय? पुढचं गाणं जोड की!"