रामकिशनची मूठ

फोकणं म्हणजे फेकणं नव्हे. कचरा फेकतात, बी फोकतात. ओटीतून मूठ भरायची, पावलाबरोबर हात झोकायचा आणि बोटांतून दाणे असे सोडायचे की कुठं गर्दी नको, कुठं टक्कल नको. गोरेगावात हे जमायचं ते रामकिशनला. गव्हाच्या दिवसांत बोलावणी यायची आणि हा नवरदेवासारखा आढेवेढे घेत निघायचा. याशिवाय त्याला काहीच जमत नाही, हे त्याची बायको चतुराबाई न विचारता सांगायची.

यंदा उजवा हात थरथरू लागला. तसंही सगळे ट्रॅक्टरनं पेरू लागलेले. सडकेकाठच्या मोठ्या वावराचा मालक पुंजाजी, त्यानंही तसंच पेरलं. फक्त सडकेला लागून एक पट्टा मुद्दाम सोडला. हॉटेलवर म्हणाला, "म्हाताऱ्यासाठी ठेवलाय. बघू काय रांगोळी काढतंय."

ते चतुराबाईच्या कानावर आलं. "जाऊ नका. त्यायला गहू न्हाई, तमाशा पाह्यचाय."

"आज न्हाई गेलो तर पुन्हा कोण बोलावंल?"

गेला. फोकून छाती काढून परत आला. बी मातीत असतं तोवर सगळेच कसबी असतात.

मग कॅनॉलचं पाणी दिलं आणि गहू उगवला. इथं झुपका, तिथं चटई उचलल्यासारखी जागा. सेनगावची जीप तिथं हमखास हळू व्हायची. ड्रायव्हर ओरडायचा, "पुंजाजी, वावराला नायटा झालाय का?"

एका दुपारी रामकिशन काडीनं भोकं पाडून रिकाम्या जागी एकेक दाणा टोबत बसला. पुंजाजीनं त्याला बखोट धरून उठवलं. "राहू दे राम्या. लोक लांबून पाह्यला येऊन राहिलेत, काहून बिघडवतो?"

हुरड्याच्या दिवसांत पुंजाजी स्वतः त्याच्या दारात आला, मागं चार टवाळ.

"ज्वारीवर पाखरं लई झालीत. तुझा हात तसाबी हलतच राह्यतो. त्यात खडे भरलेला डबा दिला की बराबर वाजंल."

चौघं खिदळले. चतुराबाई पदर खोचून पुढं झाली. जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याची बाजू घेतली. "निघा इथून! मेला तरी येणार न्हाई त्यो."

रामकिशन तोवर पायात वहाणा सरकवत होता.

"कोणत्या वावरात?" त्यानं विचारलं.