छाती काढून उभा राहिलेला सुपरवायझर

वरसे गावचा नितेश रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर झाला, तेव्हा तो चांगला माणूस होता. पॅकिंगच्या बाया हाक मारायच्या, हा धावायचा. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातच बसून कुणाच्याही डब्यातलं सुकट खायचा.

मग कंपनीने त्याला पेणच्या एका हॉटेलात साहेबगिरी शिकायला धाडलं. कोट घातलेल्या गुरुजींनी सांगितलं, "माणसाचं वजन शब्दांत नसतं, उभं राहण्यात असतं." हनुवटी वर, खांदे मागे, नजर समोरच्याच्या डोळ्यांत, आणि कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही. नितेशने हे सगळं देवाच्या प्रसादासारखं घरी आणलं. सकाळी तो कपाटाच्या आरशापुढे छाती काढून उभा राहू लागला.

"मान आखडली का? बाम लावू?" बायको सुरभीने विचारलं.

नितेशने तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. ती हसत चहा ठेवायला गेली. बिचारीला 'प्रभाव' कळत नाही, असं त्याला वाटलं.

कंपनीत मात्र कुणी हसलं नाही. कोंबडा उकिरड्यावर चढला तरी आरवण्यापुरता का होईना उपयोगी पडतो. नितेश नुसताच उभा राहायचा.

एका दुपारी अष्टमी गावची हौसा धापा टाकत त्याच्याकडे आली. "साहेब, पोरीला कळा सुरू झाल्यात. अलिबागला नेलंय. मला सोडा हो."

'जा' हा शब्द नितेशच्या ओठांवर होता. पण लगेच बोललं की वजन जातं. त्याने हनुवटी उचलली आणि तिच्याकडे रोखून पाहत राहिला. हौसाचा चेहरा पडला. "ऱ्हाऊ द्या," म्हणत ती परत फिरली.

"काय बोलला गो?" शेजारच्या सगुणाने विचारलं.

"काय नाय. नुसता बघत व्हता."

नितेशला तिला हाक मारायची होती. पण मागून हाका मारत धावणं आता त्याला शोभणार नव्हतं. हौसा शिफ्ट संपेपर्यंत गोण्या शिवत राहिली. अलिबागला पोचली तेव्हा नात जन्मून पाळण्यात झोपली होती, आणि आईची वाट बघून लेक रडून रडून थकली होती.

दुसऱ्या दिवशी हे कानावर आलं, तेव्हा नितेश हातातलं काम टाकून निघाला. तो हौसाच्या मशीनपर्यंत गेला. माफी मागायची, तर मान खाली घालावी लागणार. तो तिथे जरा वेळ ताठ उभा राहिला आणि परत आला. हौसाने वर पाहिलंच नाही.

त्यानंतर कुणी त्याला काही सांगेना. मशीन अडलं तर बाया थेट फिटरला बोलवायच्या. तो आला की गप्पा बंद. नितेश घरी सांगायचा, "आता दरारा बसलाय."

वडील महिपती चिंबोरीची नांगी फोडत म्हणाले, "दरारा नाय रे, तुला वाळीत टाकलंय त्यांनी."

पावसाळ्यानंतर मुंबईचे डायरेक्टर पाहणीला आले. हॉलमध्ये चिडीचूप. मधोमध खांबासारखा नितेश. "याला म्हणतात लीडर!" ते मॅनेजरला म्हणाले. महिन्याभरात नितेशची बढती झाली, पेणच्या ऑफिसात, काचेच्या केबिनसकट.

निघताना त्याने पेढे वाटले. हौसाने पेढा घेतला, तोंडात न टाकता रुमालात बांधला. "नातीसाठी," ती म्हणाली. नितेशला विचारायचं होतं, नाव काय ठेवलं. तो नेमाप्रमाणे जरा थांबला, तोवर ती कामाला लागली होती.