नूर महंमदचा हात आणि अळंबीचं क्रीम

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो आणि दिसते जळगावातल्या एका घराची पडवी: रंगांचे डाग पडलेली लाकडी पेटी, भिंतीला टेकवलेला आरसा, आणि त्यासमोर बाही सारून आपलाच हात निरखत बसलेले नूर महंमद. वय चौऱ्याहत्तर. खानदेशातल्या नाटकवाल्यांच्या दोन पिढ्या याच हातांनी रंगवल्या.

त्यांचा एक नेम होता. नवा रंग आला की आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा, एक दिवस थांबायचं, मगच दुसऱ्याच्या चेहऱ्याला बोट लावायचं. नटनट्यांनाही ते हेच बजावत. ऐकत कुणीच नसे.

नात नाजमीन फार्मसी शिकलेली. पहूरच्या बायका गव्हाच्या काडावर धिंगरी अळंबी पिकवतात. ती वाळवून, अर्क काढून तिनं सुरकुत्यांवरचं क्रीम केलं होतं. नूर महंमदांनी ते कोपरावर लावून पाहिलं. काही झालं नाही. मग धुळ्याहून भेटायला आलेल्या लताबाईच्या हाती मोठ्या ऐटीत एक डबी ठेवली. लताबाई म्हणजे त्यांनी तीस वर्षं रंगवलेली नटी. आता धुळ्यात तिचा सत्कार होता, आणि त्याच मंचावर ती एक प्रवेशही करणार होती.

सत्काराच्या आदल्या दिवशी हे नाजमीनला कळलं.

"नाना, कुणाला विचारून दिलंत? अजून चार जणींवर बघायचं होतं!"

"मी बघितलं की. माझ्या हातावर."

"तुमच्या? पन्नास वर्षं सफेदा पिऊन बसलेली कातडी ती! तिच्यावर खाजकुयली चोळली तरी कुरकुरणार नाही."

आता नूर महंमदांना आठवलं. लताची कातडी फुलासारखी नाजूक. एकदा बिंदीच्या डिंकानं तिचा डोळा सुजला होता, अन् बिचारीनं दोन अंक पदर ओढून काढले होते. उद्या ती मंचावर कोणत्या तोंडानं जाणार?

फोन लावला. वाजत राहिला. त्यांनी सरळ धुळ्याची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत ते मनातल्या मनात माफीच मागत होते.

दार लताबाईनंच उघडलं. तोंडावर घट्ट पदर, डोळे लालभडक, पाण्यानं डबडबलेले.

"या अल्ला! लता, माफ कर मला. मी तुझा चेहरा..."

"मना चेहराले काय व्हयनं?" ती खोकत खोकत म्हणाली. "तव्यावर मिरच्या भाजी राहिनू ना भाऊ! इथंच थांबा, नाहीतर तुम्हीही रडाल."

पदर बाजूला झाला. चेहरा स्वच्छ. सुरकुत्यासुद्धा जिथल्या तिथं.

"आणि ते क्रीम?"

लताबाईनं बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लाल चट्टा उमटला होता.

"काल लावलं. तुम्हीच सांगायचे ना, आधी इथं, मग तोंडाला. सकाळी पाहिलं तर हे! डबी गेली फळीवर. उद्या असंच सुरकुतलेलं तोंड घेऊन उभी राहते. रंग तेवढा तुम्ही लावा."

नूर महंमद उंबऱ्यावरच बसले. मिरचीचा ठसका लागला, ते हसले, आणि डोळे पुसत म्हणाले, "तीस वर्षं घसा फोडला, लता. आज पहिल्यांदा तू माझं ऐकलंस."